गडग्यावरून आलेलं पाणी

सकाळी दार उघडलं तर पायरीवर भरलेला हंडा. हंडा माझाच. आदल्या संध्याकाळी मी तो राखेने घासून पालथा घातला होता. आता सुलटा, काठोकाठ भरलेला, नि वर फणसाचं पान टाकलेलं.

मी आधी खळ्यात, म्हणजे दारापुढच्या अंगणात बघितलं, मग खाली रस्त्याकडे बघितलं. कुणी नव्हतं. पाणी स्वच्छ होतं, कसला वास नव्हता. तरी मी ते प्यायले नाय. चुलीवर पण चढवलं नाय. सगळं अबोलीला ओतलं नि दुपारपर्यंत अबोलीकडे बघत बसले, सुकते काय ते.

सुकली नाय. दुसऱ्या दिवशी परत हंडा भरलेला.

दुसरी कोण असती तर खूश झाली असती. मी नाय होत. का ते सांगते.

मालक मुंबईत गोदीत कामाला होते. आजारी होऊन घरी आले नि त्याच पावसात गेले. मुलगा तेव्हा नुकता चालायला लागला होता, मुलगी अंगावर पीत होती. त्या पावसात घरामागचा गडगा कोसळला. गडगा म्हणजे जांभ्या दगडाचा, नुसता दगडावर दगड रचलेला बांध. आमच्याकडे हद्द ती हीच. बाईमाणसाला एकटीला ते दगड उचलत नायत. तर वरच्या वाडीतला एक भला माणूस आला. बोलावला नव्हता. म्हणाला, "वहिनी, तुमी कशाला काळजी करता, मी आहे ना." भर पावसात डोक्यावर इरलं घेऊन सगळा गडगा रचून दिलान. मी त्याला चहा केला, पोहे केले, पाया पडले. पाऊस सरल्यावर गवत कापायला मागे गेले नि बघते तर माझा फणस गडग्याच्या पलीकडे. गडगा आत सरकला होता. गावकीत सांगितलं तर तो म्हणतो, "फुकट रचून दिला नि वर मलाच चोर म्हणते." लोकांना पण त्याचंच पटलं. तो फणस अजून धरतो. गरे त्याची नातवंडं खातात.

मुलगी पुढच्या वर्षी तापात गेली. तिचा नि फणसाचा काय संबंध नाय. पण माझ्या डोक्यात दोन्ही एकाच जागी बसलेत.

मुलाला मी चिऱ्याच्या खाणीवर दगड वाहून वाढवला. लाकडाच्या मोळ्या विकल्या. कुणाकडे हात पसरला नाय, नि कुणी काय द्यायला आला की मी आधी गडगा बघून यायची. खोड लागली ती लागलीच.

आता हंड्याचं. आमची वाडी राजापूर तालुक्यात, नाटे बंदराच्या अलीकडे. माझं घर उतारावर. खाली डांबरी रस्ता, रस्त्याच्या कडेला वाडीची विहीर. वर कातळावर एका शेठची आंब्याची बाग. मधे मी. दारात नळ बसवलाय सरकारने. दिवाळी झाली की त्यातून नुसती हवा येते. पाणी आणायचं ते विहिरीवरूनच, डोक्यावरून. एवढी वर्षं आणलं. मागच्या साली दिवाळी सरल्यावर विहिरीच्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, शेवाळावरून घसरले. हंडा गेला खाली गडगडत, मी बसले गुडघ्यावर. त्यानंतर त्या गुडघ्याने माझं ऐकणं सोडलं. मी छोटी कळशी न्यायला लागले. पाखाडीच्या पायरीवर बसायचं, कळशी वरच्या पायरीवर ठेवायची, मग आपण वर सरकायचं, परत बसायचं. असं करत घर यायचं. कुणी नसेल अशा वेळेला जायची, कुणाला दिसू नये म्हणून.

दिसू नये म्हणून का, तर मुलगा. मुलगा मुंबईला, म्हणजे विरारच्या पण पुढे. वाईट नाय तो. दर रविवारी फोन करतो. पण त्याचं एकच चालू.

"आये, पाणी कोण भरतं तुझं?"

"मीच भरते. कोण भरणार?"

"माझ्याकडे ये. खोली लहान आहे, पण नळाला पाणी आहे."

"नळ माझ्या पण दारात आहे."

"आये, मस्करी नको. ज्या दिवशी तुला हंडा उचलवणार नाय, त्या दिवशी मी गाडी घेऊन येणार नि घराला कुलूप घालणार. सांगून ठेवतोय."

तो बोलला म्हणजे करणार. नि कुलूप घातलेल्या घराचं काय होतं ते मी वाडीत बघतेय. एका पावसात वाळवी लागते, दुसऱ्या पावसात कौलं सरकतात, नि तिसऱ्या पावसाच्या आत त्या खळ्यातून कुणाचा तरी टेम्पो जायला लागतो. माझ्या खळ्यातून कुणाचा गेला असता ते पण मला माहीत होतं. वरच्या शेठचा. त्याच्या बागेला रस्ता आहे, पण तो तिठ्यावरून फिरून येतो. माझ्या खळ्यातून सरळ वर चढला तर आंब्याच्या पेट्या पटकन खाली येतील. मालक होते तेव्हापासून मागतोय. मालक नाय म्हणाले, मग मी नाय म्हटलं. दर मे महिन्यात तो मला आंब्याची पेटी पाठवतो नि दर मे महिन्यात मी ती परत पाठवते.

म्हणून हंडा कोण भरतंय ते कळायलाच हवं होतं. तिसऱ्या दिवशी मी फटफटायच्या आत उठून दाराच्या फटीला डोळा लावून बसले.

बागेतली नेपाळीण. शेठने दिवाळीच्या आधी बाग राखायला एक नेपाळी ठेवलान, त्याची ही बायको. काटकुळी, चपट्या नाकाची, तिशीची असेल. विहिरीवर मी तिला बघितली होती, बोलले कधी नव्हते. डोक्यावर तिचा हंडा, कमरेवर कळशी. बेड्यातून आत आली. बेडं म्हणजे दोन खांबांना भोकं पाडून आडवे बांबू घातलेलं आमचं दार. माझं ते तेव्हा रात्रंदिवस उघडंच असायचं. आली, कळशी माझ्या हंड्यात ओतलीन, पान टाकलंन, नि माझ्या खळ्यातून, घराच्या बाजूने, मागच्या वाटेने वर बागेत चालती झाली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पाणी बघत बसायचं नव्हतं, पाय बघायचे होते. रोज माझ्या खळ्यातून शेठचं माणूस चालतंय. आज चालतंय, उद्या चालतंय, वर्षभर चाललं की शेठ म्हणणार, ही वहिवाट आहे. चालती वाट आमच्याकडे कुणाला अडवता येत नाय. त्यासाठी कोर्टात पिढ्या गेल्यात लोकांच्या. म्हातारीला रोज एक हंडा द्यायचा, म्हणजे ती तोंड उघडत नाय. शेठची अक्कल मोठी.

माझी धाकटी जाव शेजारी राहते. तिला सांगितलं तर ती वेगळंच बोलली.

"पाणी भरून देते म्हणजे? तुझी सून झाली काय ती?"

"थट्टा नको गो."

"थट्टा नाय. माझी सून ग्लासभर पाणी देत नाय मला. ह्या बाहेरच्या बायका काय काय जाणतात, माहीत आहे? करणीबिरणी केलीन तर?"

"करणी नाय, वहिवाट."

"त्याच्यापेक्षा करणी बरी," जाव म्हणाली. "उतरवता तरी येते."

त्याच दिवशी मी बेड्याचे बांबू घातले. आंब्याच्या सुकलेल्या फांद्या आणि करवंदाची काटेरी जाळी ओढून आणली नि वरून बांधली. मागची वाट पण तशीच बंद केली. गुडघा संध्याकाळपर्यंत भोपळ्याएवढा झाला, पण काम केलं.

सकाळी मी काठी घेऊन खळ्यात उभी. ती आली. बेड्याकडे बघितलंन, माझ्याकडे बघितलंन.

"आमा?" ती मला आमा म्हणते. त्यांच्यात आईला म्हणतात.

"वाट बंद. इकडून जायचं नाय."

"हां," म्हणाली. भांडली नाय. वळली. मला वाटलं, झालं, आता शेठला सांगायला जाईल. तर ती रस्त्याने थोडी पुढे गेली, तिथे गडगा जरा बुटका आहे, तिथे कळशी गडग्यावर ठेवलीन, साडी खोचलीन, नि चढून आत. माझ्या हंड्यात पाणी ओतलंन, परत गडग्यावरून बाहेर. मग आपला हंडा उचलून लांबच्या पाखाडीने, सगळा फेरा घालून वर गेली.

मी तिथेच उभी. म्हटलं, बघा. एवढी वाट बंद केली तरी सोडत नाय, म्हणजे हिला कुणी तरी पक्कं सांगितलेलं असणार. नायतर कुणाच्या म्हातारीसाठी कोण कशाला गडगे चढेल?

पण एक सांगते, त्या दिवसापासून मी ते पाणी प्यायला लागले. काय करणार. विहिरीपर्यंत जाववत नव्हतं आता. पाणी पीत होते नि संशय पण घेत होते. दोन्ही एका वेळेला होतं, त्यात कठीण काय नाय.

एकदा मी तिला विचारलंच. "तुला शेठ काय देतो ह्याचं?"

"कशाचं?"

"पाण्याचं."

"पानी तर विहीरचं," ती म्हणाली. "मी जाते ना विहीर. माझा एक, तुझा एक."

हे काय उत्तर झालं? मी तिला गूळ दिला नाय, पोहे दिले नायत. बस पण म्हटलं नाय. एकदा पाया पडून बघितलं होतं मी, त्याचं काय झालं ते सांगितलंच. ती पण बसायला थांबायची नाय. गडग्यावर चढून जाताना मागे बघून सांगायची, "आमा, हंड्याला झाकण ठेव. कावळा येते." असं महिनेन् महिने चाललं. शिमगा झाला, उन्हं वाढली, विहिरीचं पाणी खाली गेलं. ती दोर वाढवून पाणी काढायची. हंडा एक दिवस चुकला नाय.

मग आंबा तयार झाला नि शेठ आला.

एकटा नाय आला. गावकर, म्हणजे आमचा गावचा मानकरी, नि वाडीतली चार जाणती माणसं बरोबर. पांढरा शर्ट, पायात चांगल्या चपला, हातात मोबाइल. बेड्याच्या बाहेर उभा राहून मला हाक मारलीन. मी बेडं उघडलं नाय. आतूनच बोलले.

"आजी, मी भांडायला आलो नाय," शेठ म्हणाला. "वाट तर चालूच आहे. माझी माणसं दिवाळीपासून इकडून येतात-जातात. मी फक्त ती जरा रुंद करून घेतो. जेसीबी उद्या मोकळा आहे. गडगा पाडला तर नवा बांधून देईन, चांगला सिमेंटचा."

मला सगळं माहीत होतं. रस्ता झाला म्हणजे खळं गेलं. खळं गेलं म्हणजे मुलगा म्हणणार, आता राहिलंय काय तिथे, चल.

गावकराने मला विचारलंन, "काय गो, खरं आहे?"

"चालत होती. मी बेडं घातलं."

"बेडं घालून काय होतं?" शेठ म्हणाला. "ती रोज येते ना? सगळी वाडी बघते."

"येते तर रोज," जाव मागून बोलली. तिला कुणी विचारलं नव्हतं. तिला कधी कुणी विचारत नाय.

शेठने वरून दोघांना बोलावून घेतलंन. नेपाळी खाली मान घालून उभा. ती त्याच्या बाजूला, हात साडीला पुसत. शेठ तिला म्हणाला, "सांग गो यांना. तू रोज आजीकडे येतेस ना?"

"हां शेठ."

मी पायरीवर बसले.

गावकर जुना माणूस. त्याने विचारलंन, "येतेस ते कुठून येतेस?"

"तिथून." तिने गडग्याकडे बोट केलंन. "पहिले इथून. मग आमाने बंद केला. मग मी तिथून चढते, पानी देते, तिथून परत. मग पाखाडीने घर."

"भरली कळशी घेऊन? गडग्यावरून?"

"हां."

"दाखव बघू."

तिने विहिरीवरून कळशी भरून आणलीन. सगळे बघत होते. कळशी गडग्यावर, साडी वर, पाय दगडाच्या खाचेत, नि ती आत. एवढ्या महिन्यांत त्या दगडाला तिच्या पायाने गुळगुळीत जागा झाली होती. कळशी माझ्या हंड्यात रिकामी केलीन नि आली तशी परत बाहेर.

चार माणसांतला एक म्हातारा हसायला लागला. म्हणाला, "शेठ, वहिवाट ही असेल तर तुमचा टेम्पो पण गडग्यावरून उडवा. आमची काय हरकत नाय."

सगळे हसले. शेठ नाय हसला. गावकर पण नाय हसला. त्याने तिला आणखी एक विचारलंन, नि तो प्रश्न माझाच होता, दिवाळीपासून माझ्या पोटात होता.

"तुला पाणी द्यायला शेठने पाठवलं?"

तिने शेठकडे बघितलंन. नवऱ्याकडे बघितलंन. नवऱ्याने मान हलवलीन, म्हणजे बोलू नको. ती तरी बोलली.

"शेठ बोलले, म्हातारीच्या दारातून जात जा. ती काय नाय बोलणार. ते शेठ बोलले. हंडा भर, असं नाय बोलले. हंडा मी आपली भरला."

"का?"

"आमा पायरीवर बसून बसून पानी नेते. मी बघितला एक दिवस." एवढंच बोलली. पुढे काय सांगेल म्हणून सगळे थांबले, पण तिचं झालं होतं.

म्हणजे माझा संशय अर्धा खरा होता. तो खोटा ठरला असं कुणी म्हणू नये.

गावकर शेठला म्हणाला, "म्हातारीने बेडं घातलं म्हणजे तिने हरकत घेतली. अडवलेली वाट ती वहिवाट नाय. तुमी आपले तिठ्यावरून जा." मंडळी गेली. शेठ जाताना मला "बरंय आजी" म्हणाला, नि तिच्याकडे बघितलंन पण नाय. तेव्हाच मी समजले.

बागेतला आंबा उतरला नि शेठने दोघांना काढलंन. मला जावेकडून कळलं. मी खळ्यातून बघत होते. नवऱ्याच्या डोक्यावर पत्र्याची ट्रंक, हिच्या डोक्यावर गाठोडं, हातात भांड्यांची पिशवी. मागच्या वाटेची काटेरी जाळी एव्हाना सुकून पडली होती. माझ्या दारातून आली असती तर चार पावलांत रस्त्यावर. तरी लांबच्या पाखाडीने सगळा फेरा घालून दोघं खाली गेली नि एसटीच्या शेडमध्ये जाऊन बसली.

पायरीवरचा हंडा त्या दिवशी रिकामा होता.

मी विचार केला. फार नाय केला, गाडी यायची वेळ झाली होती. पाऊस तोंडावर. मला पाणी हवं, त्यांना छप्पर हवं. मी काय उपकार करायला निघाले नव्हते. बेडं उघडलं नि बसत, सरकत खाली गेले. शेडमध्ये पोचले तेव्हा धाप लागली होती.

"कुठे चाललात?"

"राजापूर," नेपाळी म्हणाला. "मग बघू. बाग बंद, बोट बंद, खाण बंद. गाव लांब आहे आमा, तिकिटाला पण..."

"माझ्या पडवीत राहा."

नेपाळी उठून उभा राहिला.

"पण आधी ऐका. नंतर कटकट नको. भाडं मी घेणार नाय."

"भाडा देतो ना आमा. काम मिळेल, मग देतो."

"नाय घेणार म्हटलं ना! भाडं घेतलं की तू भाडेकरू झालास. मग तू निघत नायस. माहीत आहेत मला हे धंदे. नि दुसरं, पडवीत चूल मांडायची नाय. चूल वेगळी झाली की घर वेगळं झालं. उद्या तुमी सांगाल, हे आमचं बिऱ्हाड. दोघांचं जेवण माझ्या चुलीवर, माझ्यासमोर."

नेपाळ्याने बायकोकडे बघितलंन. मग हळू मला विचारलंन, "म्हणजे आमा, फुकट राहायचा? आणि जेवायचा पण तुझ्याकडे?"

"होय. जमत असेल तर चला. नसेल तर ती बघा, वळणावर गाडी वाजली."

ती तोंडावर पदर धरून हसली. मला ते पण आवडलं नाय. हसण्यासारखं मी काय बोलले होते?

गाडी आली, थांबली, गेली. आम्ही वर आलो. मी मधे, ती एका बाजूला धरून, तो ट्रंक घेऊन पुढे. बेड्यातून आलो.

पडवी मी सारवून दिली. तांदळाच्या कणगीच्या खोलीला कुलूप घातलं नि चावी कमरेला. पहिले आठ-दहा दिवस मी धड झोपले नाय, पडवीत काय खुडबुडतंय ते ऐकत होते. तो लावणीच्या मजुरीला जायचा. ती माझ्या चुलीजवळ बसायची. मिरची इतकी घालते की डोळ्यांतून पाणी काढते, म्हणून मिरचीचा डबा माझ्याकडे. भाकरी तिला थापता येत नव्हती, जाडीच व्हायची. जाव येऊन बघून गेली.

"काय गो, आता दोघं तुझी. तीर्थाला जाशील तर काशीऐवजी नेपाळला जा."

"तू तुझ्या सुनेकडून पाणी घे आधी," मी म्हटलं.

नारळी पुनव झाली नि तो नाट्याला एका बोटीवर खलाशी लागला. आठ-पंधरा दिवसांनी येतो, मासे आणतो. ती इथेच राहिली. पाणी भरते. मी तिच्याकडून दुसरं काय काम करून घेत नाय. काम करून घेतलं की मजुरी लागते, नि मजुरीचं पण पुढे काय काय निघतं.

गणपतीला मुलगा आला. जावेने त्याला फोनवर सगळं आधीच सांगितलंन. पिशवी खाली ठेवायच्या आत त्याने विचारलंन.

"आये, ही कोण?"

"पडवीत राहते."

"किती भाडं देते?"

"भाडं घेत नाय मी."

"आये! तुला वेड लागलं काय? फुकट ठेवलंस? उद्या ही घर बळकावून बसेल, मग रडशील."

"म्हणून तर चूल एक ठेवलीय," मी सांगितलं. "मी काय झोपलेय?"

तो काय तरी बोलणार होता, तेवढ्यात ती विहिरीवरून आली. डोक्यावर एक, कमरेवर एक. बेड्यातून आली, हंडा माझ्या चुलीजवळ ठेवलान. मुलगा बघत राहिला. मी म्हटलं, "तू येतोस काय रे पाणी भरायला? येत असशील तर आत्ताच बोल. तिला आजच जा म्हणून सांगते."

तो मोबाइल काढून बघत बसला, त्यात काय होतं कोण जाणे. मग म्हणाला, "गुडघा दाखव." मी दाखवला. त्याने हाताने दाबून बघितलान, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. माझ्या नाय आलं. दुसऱ्या दिवशी मला रत्नागिरीला डॉक्टरकडे नेलंन, गोळ्या आणल्या, नीकॅप आणलीन.

विसर्जन झाल्यावर निघाला. ह्या वेळेला "चल" म्हणाला नाय. मी वाट बघत होते, कधी म्हणतो. पाया पडला, पिशवी उचललीन, खाली उतरला, नि बेड्याजवळ तिला थांबवलंन. मी दाराआडून बघितलं. तिच्या फोनमध्ये त्याने आपला नंबर घालून दिलान, काय तरी सांगितलंन, ती मान हलवत होती. काय बोलले दोघं ते मला त्याने सांगितलं नाय नि तिने पण नाय. मी विचारलं नाय, पण ध्यानात ठेवलंय.

आता भात कापून झालं. सकाळी गार वारा असतो. मागच्या आठवड्यात ती चुलीजवळ आली नि पदराची गाठ सोडलीन. आत काळं बारीक बी. तिच्या गावचं, राईसारखं. त्याचा पाला खातात म्हणे, भातावर.

"आमा, खळ्यामागे लावू?"

मी बी हातात घेऊन बघितलं. वास घेतला.

"झाड होतं काय ह्याचं?"

"नाय आमा. भाजी."

"किती दिवस राहते?"

"खाल्ली की संपली."

झाड असतं तर नाय म्हटलं असतं. झाड लावलं की माणूस म्हणतो, हे मी लावलं, खालची जमीन पण माझी. भाजीवर अजून कुणी हक्क सांगितलेला मी ऐकला नाय.

"लाव," मी म्हटलं. "पण मागे नको. पुढे लाव, मला पायरीवरून दिसेल असं."